इरावतीबाईंच्या कवट्या आणि आपल्या फॉर्ममधला आठवा रकाना

आपल्या मंडळाच्या फॉर्ममध्ये आठवा रकाना आहे : 'घराण्याची शारीरिक वैशिष्ट्ये – वर्ण, डोळे, उंची, बांधा.' उज्जैनमधल्या जुन्या मराठी घराण्यांची माहिती गोळा करण्यासाठी आपण हा फॉर्म वाटत आलो. तो तयार केला मीच. तेव्हा मी नोकरीत होतो. ड्रॉइंगच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात जसा माहितीचा चौकोन असतो, तसा प्रत्येक घराण्याचा एक चौकोन असावा अशी माझी कल्पना. आठवा रकाना मी छापील कुलवृत्तान्तांतून उचलला. तिथे मूळपुरुष, गोत्र, कुलदैवत झालं की हे एक वाक्य असतंच : या घराण्यातील माणसे गौरवर्णी, उंच, करारी. उचलताना दुसरा विचार केला नाही.

मागच्या बैठकीनंतर आम्ही चार-पाच जण नेहमीसारखे टावर चौकात खिचडी खायला थांबलो होतो, तिथे या रकान्यावरून वाद पेटला. आमच्यातल्या एकांनी परदेशातल्या प्रयोगशाळेत थुंकीचा नमुना पाठवून डीएनएचा अहवाल मागवला होता. घराण्याच्या फॉर्मला तो जोडावा आणि संकेतस्थळावर टाकावा असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, इतिहासाच्या कागदांत हे कशाला? त्यावर ते म्हणाले, "का? इरावतीबाई कर्व्यांनी आयुष्यभर हेच नाही का केलं? माणसं मोजली, रक्त तपासलं. त्यांनी केलं की शास्त्र आणि आम्ही केलं की भानगड?"

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. इरावतीबाईंचं मी वाचलं होतं ते 'युगान्त', आणि 'परिपूर्ती' कधीतरी शाळा-कॉलेजात. म्हणून घरी येऊन 'इरू' हे इंग्रजी चरित्र मागवलं. स्पीकिंग टायगरने २०२४ साली काढलेलं. लेखक दोन : उर्मिला देशपांडे आणि थिआगो पिंटो बार्बोसा. उर्मिला देशपांडे म्हणजे गौरी देशपांड्यांची मुलगी, इरावतीबाईंची नात, आणि स्वतः कादंबरीकार. बार्बोसा मूळचे ब्राझीलचे, जर्मनीत मानववंशशास्त्राचं काम करणारे. पुस्तक वाचलं, मग त्याच्या आजूबाजूचं जे मिळालं ते वाचलं. हा लेख म्हणजे त्या खिचडीच्या गाडीवर न सुचलेलं उत्तर.

आधी पुस्तकाबद्दल. नात आणि अभ्यासक ही जोडी जमलेली आहे. आजीबद्दल नातीने लिहायचं म्हणजे देव्हारा होण्याची भीती असते, तसं झालेलं नाही. पुण्यात स्कूटर चालवणारी, नवऱ्याला नावाने हाक मारणारी, मंगळसूत्र-कुंकवाच्या फंदात न पडणारी बाई म्हणून इरावतीबाई आपल्याला दंतकथेतून माहीत असतात. इथे ती बाई घरातल्या माणसासारखी भेटते. पण कादंबरीकाराचा हात असला की एक अडचण येते. माझ्यासारखा वाचक प्रत्येक पानावर विचारतो की हे पत्रातून आलं, आठवणीतून की कल्पनेतून? आपल्याकडे दप्तरखान्यात बसून वाईट खोड लागलेली असते, त्याला लेखकांचा इलाज नाही.

आता मुख्य गोष्ट. इरावती करमरकर १९०५ साली ब्रह्मदेशात मिंजान इथे जन्मल्या. नाव इरावदी नदीवरून. वडील तिथे इंजिनिअर होते (मला हे वाचून उगाच बरं वाटलं). सात वर्षांच्या असताना पुण्याला हुजूरपागेत धाडलं. तिथे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्या शकुंतला परांजप्यांच्या बरोबरीने वाढल्या. फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., आणि १९२८ साली मुंबईत गो. स. घुर्यांच्या हाताखाली समाजशास्त्राची एम.ए. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. लग्न झालं दिनकर धोंडो कर्व्यांशी. ते रसायनशास्त्राचे, स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोनेही तिकडे जाऊन शिकावं ही इच्छा नवऱ्याची आणि विरोध सासऱ्यांचा. सासरे कोण? तर महर्षी कर्वे, ज्यांनी बायकांचं विद्यापीठ काढलं! जिवराज मेहतांकडून कर्ज घेऊन १९२८च्या अखेरीस त्या निघाल्या.

त्या घराकडे जरा थांबून पाहावंसं वाटतं. सासरे बायकांच्या शिक्षणाच्या कामात. थोरले दीर रघुनाथराव १९२७च्या जुलैपासून 'समाजस्वास्थ्य' काढतात, त्यात संततिनियमन आणि कामजीवन यांवर उघड लिहितात, कोर्टाच्या पायऱ्या चढतात. धाकटी सून बर्लिनला कवट्या मोजायला जाते. स्त्री, शरीर आणि वंश हे तिन्ही विषय आजकाल कॉलेजांत एकत्र शिकवतात, त्याला आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रम असं जडशीळ नाव आहे. इथे ते एकाच आडनावाखाली चालले होते. पण म्हणून त्या घरात सगळे एकाच मताचे होते असं नाही, आणि मला वाटतं खरा अभ्यासक्रम तोच.

बर्लिनमध्ये डालेम भागात कैसर विल्हेल्म संस्थेची एक शाखा १९२७ साली उघडली होती. तिच्या नावातच मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजाशास्त्र असे तीन विषय. संचालक ऑयगेन फिशर. हे गृहस्थ १९०८ साली जर्मनांच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेत, म्हणजे आजच्या नामिबियात गेले. तिथे रेहोबोथ गावच्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापं घेतली, वंशावळी लिहिल्या आणि १९१३ साली त्यावर ग्रंथ काढला. ते गेले त्याच्या आधीची चार वर्षं जर्मन फौजेने हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली होती. मेलेल्यांच्या कवट्या पेट्यांत भरून अभ्यासासाठी जर्मनीला गेल्या. त्यांतल्या २० कवट्या बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २०११ साली नामिबियाला परत केल्या. म्हणजे शंभर वर्षं लागली.

असा माणूस मार्गदर्शक. त्याने इरावतीबाईंना विषय दिला कवटीच्या असममितीचा. डावी बाजू आणि उजवी बाजू यांत फरक किती, आणि तो वंशागणिक बदलतो का? कल्पना अशी की युरोपातल्या गोऱ्या माणसाचा मेंदू तर्काच्या कामासाठी एका बाजूने जास्त वाढलेला, म्हणून त्याची कवटीही जास्त असममित असणार. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. उत्तर आलं : असममिती सगळ्यांत आहे, आणि वंशाशी तिचा संबंध दिसत नाही. १९३० साली पदवी मिळाली, गुण मात्र फिशरनी कमी दिले असं चरित्रकार सांगतात. प्रबंध छापला गेला तो 'मानवी कवटीची सामान्य असममिती' अशा अर्थाच्या जर्मन नावाने. त्यातला 'सामान्य' हा शब्द मला फार आवडला. वाकडेपणा हा कोणा एकाचा गुण किंवा दोष नाही, तो सगळ्यांचा आहे, हे मुखपृष्ठावरच सांगून टाकलं.

माझं निम्मं आयुष्य ओतकामाच्या आणि यंत्रावर कापलेल्या भागांच्या तपासणीत गेलं. कॅलिपर हातात धरलेल्या माणसाला या कामातली गोम लगेच कळते. डावं-उजवं मोजायचं तर आधी मधली रेषा आखावी लागते. लोखंडी भागावर ती ड्रॉइंग आखून देतं. कवटीवर ती कोणी आखायची? नाकाच्या मुळापासून मागच्या हाडापर्यंत रेघ ओढली, तर ती दोन्ही टोकंही वाकडी असू शकतात. म्हणजे ज्या गोष्टीचा वाकडेपणा मोजायचा तिच्यावरूनच सरळ रेषा काढायची. दुसरं, एकाच ढाच्यातून निघालेल्या दोन भागांत जेवढा फरक पडतो, त्यापेक्षा दोन वेगळ्या ढाच्यांतल्या भागांत तो जास्त पडतो का, हा प्रश्न. जास्त पडत नसेल तर भाग पाहून ढाचा ओळखता येत नाही. इरावतीबाईंच्या मोजणीचा गाभा हाच. त्या काळी बर्लिनमध्ये बसून, कर्जावर शिकणाऱ्या, पंचविशीच्या बाईने आकडे जसे आले तसे लिहिले. संचालकांना हवे तसे वळवले नाहीत. तपासनीसाच्या नोकरीत ज्याच्यावर कधी असा दबाव आला असेल त्यालाच याची किंमत कळेल. आमच्या वेळी 'जरा बघून घ्या' एवढंच म्हटलं जायचं, आणि पुष्कळांनी बघून घेतलं. त्यांत मीही एकदा होतो.

पण आता मला टीका करायची आहे, आणि ती पुस्तकापेक्षा त्याच्या स्वागतावर जास्त आहे. चरित्र आल्यापासून वर्तमानपत्रांत एकच गोष्ट फिरते : एका मराठी बाईने नाझींचा वंशसिद्धान्त खोटा पाडला. ऐकायला गोड आहे. पण १९३० साली नाझी सत्तेवर आलेले नव्हते. फिशरही अजून तो पुढचा फिशर नव्हता. १९३३ साली तो बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि १९३७ साली ऱ्हाइनलँडमधल्या काळ्या सैनिकांच्या शेकडो मुलांची सक्तीने नसबंदी झाली, तेव्हा त्याची संस्था त्या तपासणीत होती. इरावतीबाई तेव्हा केव्हाच पुण्यात परतल्या होत्या. आणि त्यांनी खोटं पाडलं ते एक गृहीतक : असममिती वंशावर ठरते, हे. वंश म्हणून काही नसतंच असं त्या म्हणाल्या नाहीत. एका चाचणीत भाग नापास झाला म्हणजे सगळं डिझाइन रद्द झालं असं कुठलाच इंजिनिअर लिहून देणार नाही. त्यांनीही लिहून दिलं नाही.

पुढे त्यांनी काय केलं ते पाहायला हवं, कारण माझ्या मित्राचा सवाल तिथेच होता. काही वर्षं मुंबईत महिला विद्यापीठाच्या कुलसचिव राहून १९३९ साली त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि १९७० साली वारल्या तोपर्यंत तिथेच होत्या. तिथे त्यांनी कॅलिपर खाली ठेवला नाही. महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या जातींच्या लोकांची मोजमापं घेतली. डोक्याची लांबी, रुंदी, नाक, उंची. वि. म. दांडेकरांबरोबर १९५१ साली त्याचं पुस्तक झालं. हे तेच दांडेकर, ज्यांनी पुढे नीळकंठ रथांबरोबर भारतातल्या गरिबीचा हिशोब मांडला. पुढे रक्तगटही आले. १९६८ साली कैलाशचंद्र मल्होत्रांबरोबर त्यांनी सारख्याच दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना छापली, तीही महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांची.

यातून त्यांना सिद्ध करायचं होतं ते मात्र रिस्लेच्या नेमकं उलट होतं. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नाकाच्या मापावरून जातींची उतरंड लावली होती. नाक जितकं पसरट तितकी जात खालची. घुर्यांनी १९३२ साली दाखवलं की हा नियम उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाही. इरावतीबाई आपल्या गुरूच्याही पुढे गेल्या. एका मूळ ब्राह्मण वर्णाचे तुकडे पडत पडत आजच्या पोटजाती झाल्या, असं घुरे मानत. इरावतीबाई म्हणाल्या, नाही. चित्पावन, देशस्थ, कऱ्हाडे हे एका लाकडाचे ढलपे नव्हेत, ते मुळातच वेगवेगळे नातेगट आहेत आणि 'ब्राह्मण' हे वरून घातलेलं पांघरूण आहे. देशस्थ ब्राह्मणाचं शरीर कोकणस्थापेक्षा आपल्या गावातल्या मराठ्याच्या जवळचं असू शकतं. चौदा प्रेतं चितेवर पावन करून परशुरामाने चित्पावन केले, या कथेवर वाढलेल्या, घाऱ्या डोळ्यांचा अभिमान असलेल्या समाजात हे एका चित्पावन बाईने म्हणायचं! आपल्या उज्जैनमध्ये आजही लग्नाच्या बोलणीत हे वाक्य कोणी म्हणून पाहावं.

तरीही इथे माझा आक्षेप आहे. बर्लिनमध्ये प्रश्न असा होता : कवटीवरून गट ओळखता येतो का? पुण्यात गट आधीच ठरलेले होते. माणसाला विचारायचं, जात कोणती? मग त्याला त्या रांगेत उभा करायचं, मोजायचं आणि रांगेची सरासरी काढायची. अशा मोजणीतून जे येईल ते जातीबद्दलच येणार, कारण दुसऱ्या कशाबद्दल विचारलेलंच नाही. रांगा जर धंद्याने लावल्या असत्या, तालुक्याने, लहानपणी पोटभर मिळालं की नाही याने लावल्या असत्या, तरी सरासरीत फरक दिसलेच असते. आणि अशा सर्वेक्षणांत बहुधा पुरुषच मोजले जात. बायकांना परक्या माणसाने हात लावून मोजणं आपल्याकडे शक्य नव्हतं. म्हणजे जातीचं शरीर म्हणून जे कागदावर आलं ते जातीच्या पुरुषांचं.

याहून जास्त खटकली ती लांघणजची हकीकत. गुजरातेत मेहसाण्याजवळ लांघणज इथे ह. धी. सांकळियांनी १९४०च्या दशकात उत्खनन केलं, गारगोटीची बारीक हत्यारं वापरणाऱ्या लोकांचे सांगाडे सापडले. त्यांचा अभ्यास इरावतीबाईंकडे. १९४९ साली सांकळिया आणि त्या अमेरिकी नियतकालिकात लिहितात तेव्हा त्या सांगाड्यांत आफ्रिकेतल्या लोकांशी साम्य पाहतात. ज्या बाईने १४९ कवट्या मोजून एका खुणेपुरतं तरी कवटी वंश सांगत नाही असं लिहिलं, ती मूठभर सांगाड्यांवरून वंश वाचते. शास्त्राची तेव्हाची रीतच तशी होती, हे मला मान्य. पण गोष्ट इथे संपत नाही. याच लांघणजच्या हाडांचा पुढचा अहवाल डेक्कन कॉलेजने १९६५ साली छापला, त्याच्या दोन लेखकांपैकी एक सोफी एरहार्ट. ही जर्मन बाई नाझी राजवटीत रॉबर्ट रिटरच्या वंश-आरोग्य केंद्रात होती. तिथे जिप्सींची, म्हणजे सिंती आणि रोमा लोकांची मोजमापं घेतली जात, आणि त्या नोंदींच्या आधारे माणसं छावण्यांत गेली. बर्लिनची सावली येरवड्यापर्यंत आली होती आणि कोणालाही ती सावली वाटली नाही. आपल्याला सांकळिया म्हणजे कायथ्याच्या उत्खननातले लोक ज्यांच्या तालमीत तयार झाले ते गुरुजी. डेक्कन कॉलेज आणि विक्रम विद्यापीठ यांनी मिळून उज्जैनपासून पंचवीस किलोमीटरवर काम केलं, वाकणकर सरांचं नाव आपण आदराने घेतो. म्हणून हे लिहिताना माझा हात जड झाला. पण मंडळाच्या कागदांत हे नसावं असं मला वाटत नाही.

बार्बोसांना हे सगळं ठाऊक आहे. जातीला वंशाचं रूप कसं दिलं गेलं हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. नंदिनी सुंदर यांनीही त्यांच्या आधी इरावतीबाईंवरच्या दीर्घ लेखात मोजमापांचा हा हट्ट आणि सुप्रजाशास्त्राची ओढ दाखवली आहे. वर्तमानपत्रांना मात्र बर्लिनची नायिका पुरते. ती मराठीत आणखी गोड करून आणली जाईल अशी मला भीती आहे. या पुस्तकाचा मराठी अनुवाद कोणी करणार असेल तर लांघणज गाळू नका.

हे सगळं वाचल्यावर माझा मित्र बरोबर म्हणत होता असं वाटू लागलं. इरावतीबाईंनी आयुष्यभर मोजलंच. मग मी 'भारतातील नातेसंबंधांची घडण' या अर्थाचं त्यांचं १९५३चं इंग्रजी पुस्तक उघडलं, आणि तिथे मला दुसऱ्याच इरावतीबाई भेटल्या. इथे कॅलिपर नाही. इथे त्या विचारतात : मुलीला कुठे देतात? किती लांब? सासू तिची कोण लागते? सासऱ्याला हाक मारायचा शब्द कोणता? भाषांच्या प्रदेशांनुसार त्या देशाचे भाग पाडतात. उत्तरेत मुलगी अनोळखी गावी, अनोळखी माणसांत जाते. दक्षिणेत ती बहुधा आधीच्याच नात्यात जाते, मामाकडे किंवा आत्याकडे. मधल्या पट्ट्यात महाराष्ट्र येतो आणि आपला माळवाही. महाराष्ट्रात पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही.

हे वाचताना मी खुर्चीत सरळ बसलो. आम्ही देशस्थ. माझ्या आजोबांचं लग्न त्यांच्या मामाच्या मुलीशी झालं होतं. फ्रीगंजमध्ये आमच्या शेजारी एक माळवी ब्राह्मण कुटुंब राहायचं, घरोबा होता. लहानपणी मी त्यांच्या आजीला हे सहज सांगितलं, तर त्यांनी कानांवर हात ठेवले. "राम राम, बहन से ब्याह?" त्यांच्या घरात सुना सासऱ्यासमोर घुंघट काढत, आमच्या घरात आजी आपल्या सासऱ्याला जन्मभर मामा म्हणत आली होती, आणि मोठ्याने. नव्हे, तो तिचा मामा नव्हे, आत्याचा नवरा. पण हाक तीच. एका भिंतीच्या दोन बाजूंना दोन बायका दोन वेगळ्या शरीरांनी वावरत. एक डोकं झाकून, आवाज खाली ठेवून, दुसरी उघड्या डोक्याने ओट्यावर. कॅलिपरने मोजलं असतं तर दोघींच्या डोक्यांत फरक निघाला नसता. फरक होता तो त्या घरात कुठून आणि कोण म्हणून आल्या याचा. आम्ही शिंद्यांबरोबर आलेले, दौलतरावांनी १८१०मध्ये राजधानी ग्वाल्हेरला नेल्यावरही इथेच राहिलेले मराठी लोक. दोनशे वर्षांत भाषा निम्मी हिंदी झाली, जेवण निम्मं माळवी झालं, पण बायकोला कुठून आणायची हा नियम बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. हे फॉर्मच्या कुठल्याही रकान्यात दिसत नाही.

माझ्या मित्राच्या डीएनए अहवालाबद्दल मग वेगळं काही बोलावं लागत नाही. त्या प्रयोगशाळांकडेही गट आधी ठरलेले असतात. तुमचा नमुना कोणत्या गटाशी किती जुळतो एवढंच त्या सांगतात, आणि गटांना नावं त्यांनी दिलेली असतात. त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग काय, फाडून टाकू?" मी म्हटलं, फाडू नका, घरी ठेवा.

आठव्या रकान्यासाठी मी आलेले जुने फॉर्म पुन्हा काढून बसलो. बहुतेकांनी गोरेपण, उंची, घारे डोळे लिहिलेले. सावळा, ठेंगू असं एकानेही लिहिलेलं नाही, आणि आपल्या मंडळात तर सगळ्या मापांची मंडळी आहेत. मग माझा स्वतःचा फॉर्म सापडला. मी लिहिलं होतं : गहूवर्ण, उंच, नाक सरळ. हे आजोबांचं वर्णन आहे. आजी काळी-सावळी होती, जेमतेम पावणेपाच फूट. तिच्यावरून मला माझा बांधा आला आहे हे आरशात रोज दिसतं. फॉर्ममध्ये ती फक्त तिसऱ्या रकान्यात आहे, 'पत्नी' या शब्दापुढे, सासरच्या नावाने. माहेरच्या नावाला मी जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या बैठकीत मी असं मांडणार आहे. जुने फॉर्म आहेत तसे संकेतस्थळावर राहू द्यावेत, आठव्या रकान्यासकट. आपण काय विचारत होतो आणि लोक काय उत्तर देत होते याचा तोच पुरावा. नव्या फॉर्ममध्ये तो रकाना काढून त्या जागी दोन घालावेत : घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेर आणि गाव, आणि घरातून दिलेल्या प्रत्येक मुलीचं सासर आणि गाव. दोघा-तिघांनी आत्ताच कुरकुर केली आहे की एवढी माहिती कोणाला असते. खरं आहे. मलाही नव्हती, आत्याला फोन करावा लागला. ती नव्वदीची आहे, ऐकू कमी येतं, पण नावं तिने धडाधड सांगितली. आजीचं माहेर बऱ्हाणपूरचं. पणजीचंही तेच घर. तिच्या सासूबद्दलही काही सांगत होती, पण तेवढ्यात फोन कटला. रविवारी वही घेऊन तिच्याकडे जाणार आहे.